एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठ स्त्रियांची घरातील सुरक्षितता: बडोद्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यात एकट्या राहणाऱ्या मराठी भगिनींकडून, तसेच पुण्या-मुंबईत किंवा परदेशात असलेल्या त्यांच्या मुलामुलींकडून जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रश्नांची भाषा शक्य तेथे विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. एका उत्तरात आलेली बाब दुसऱ्यात पुन्हा न सांगता तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मी एकटी राहते. घर सुरक्षित करायचे म्हणजे सुरुवात कोठून करायची?

बहुतेक पत्रांत पहिली चिंता चोराची असते आणि ती खोटी नाही. तरीही एकट्या बाईचे मोठे नुकसान बहुधा न्हाणीघरात, स्वयंपाकघरात किंवा फोनवर होते, आणि मदत उशिरा पोहोचल्यामुळे ते आणखी वाढते. म्हणून दार बंद कसे राहील आणि प्रसंग आल्यास तेच दार बाहेरून कोण उघडेल, या दोन्ही गोष्टींचा विचार एकदमच करावा लागतो. सुरुवात मात्र अगदी साध्या कामाने करावी. रात्री पलंगावरून उठून न्हाणीघरापर्यंत आपण ज्या वाटेने जाता, ती वाट एकदा दिवसा आणि एकदा रात्री नीट पाहावी. सरकणारे पायपुसणे, लोंबणारी वायर, मधेच आलेला उंबरठा आणि दूर असलेले दिव्याचे बटण या गोष्टी त्याच आठवड्यात दूर कराव्यात. पलंगाजवळ हाताला येईल असा दिवा आणि वाटेवर रात्रभर जळणारा छोटा दिवा, एवढ्यानेही पडण्याचा धोका बराच कमी होतो.

२. दर्शनी दाराला नेमके काय काय असावे?

लाकडी दाराबाहेर लोखंडी जाळीचे दुसरे दार, लाकडी दारात बाहेरचे दिसणारे भिंग आणि बाहेर उजेड पडेल असा दिवा ज्याचे बटण आत असेल, एवढे पुरेसे आहे. अनोळखी माणसाशी जाळीचे दार बंद ठेवूनच बोलावे. पाच-सहा कुलपे लावण्यात अर्थ नाही, कारण आग लागल्यास घाबरलेल्या अवस्थेत ती उघडायची आपल्यालाच असतात. जाळीला आतून कुलूप लावत असल्यास त्याची किल्ली एका ठरलेल्या खिळ्यावर, आपल्या हाताला येईल परंतु बाहेरून हात घालून काढता येणार नाही अशा जागी टांगावी.

रावपुरा, दांडिया बाजार, मांडवी या भागांतील पोळींत, म्हणजे जुन्या दाट वस्तीच्या गल्ल्यांत, घरे एकमेकांना खेटून उभी आहेत आणि एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर सहज जाता येते. तेथे दर्शनी दाराला भक्कम कुलूप आणि गच्चीच्या दाराला मात्र जुनी सैल कडी, असे चित्र नेहमी दिसते. गच्चीचे दार आणि परसदार यांच्यावर आधी खर्च करावा.

३. जास्तीची किल्ली शेजारी ठेवावी असे सगळे सांगतात, पण मन धजावत नाही. ठेवावी का?

ठेवावी. ती एकाच ठिकाणी न ठेवता दोन ठिकाणी ठेवावी: एक चालत येता येईल अशा शेजाऱ्याकडे आणि दुसरी शहरातच राहणाऱ्या नातेवाईकाकडे किंवा जुन्या मैत्रिणीकडे. कुंडीखाली, मीटरच्या पेटीत, चपलांच्या कपाटात किल्ली ठेवणे म्हणजे ती कोणालाही देण्यासारखेच आहे. शेजाऱ्यावर पूर्ण भरवसा नसेल, तर किल्ली पाकिटात घालून, पाकीट चिकटवून, जोडावर आपली सही करून द्यावी. पाकीट उघडले गेले तर कळते, आणि देणाऱ्याघेणाऱ्याला अवघडल्यासारखेही होत नाही.

येथे एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. रात्री आपण आतून कडी किंवा अडसर घातला, तर शेजाऱ्याकडील किल्लीचा काहीच उपयोग नाही. दाराला बाहेरूनही किल्लीने उघडणारे चांगले कुलूप बसवून रात्री त्याच्यावरच विसंबावे आणि कडी न घालण्याची सवय करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. जन्मभर कडी घालून झोपलेल्या बाईला हे पटणे कठीण जाते, याची जाणीव आहे. ज्यांना कडीशिवाय झोपच येत नाही, त्यांनी निदान जाळीच्या दाराला कुलूप आणि आतल्या दाराला नुसते लॅच, अशी तडजोड करावी. दोन्ही किल्ल्या जोडीने द्याव्यात. काही कुलपांत आतल्या बाजूला किल्ली लावून ठेवली असेल, तर बाहेरची किल्ली फिरत नाही; आपले कुलूप तसे आहे का, हे शेजाऱ्याला बोलावून एकदा प्रत्यक्ष करून पाहावे.

४. न्हाणीघरात काय बदल करावेत? घर भाड्याचे आहे, फार तोडफोड करता येत नाही.

भिंतीत स्क्रूने पक्की बसवलेली आधाराची दांडी, एक कमोडजवळ आणि एक अंघोळीच्या जागी, हा सर्वांत उपयोगी बदल आहे आणि त्यासाठी चार-सहा भोकेच पाडावी लागतात. हवेच्या दाबाने चिकटणाऱ्या दांड्या पूर्ण वजन पेलत नाहीत. टॉवेल टांगण्याची दांडीही त्यासाठी नसते, आणि तोल जाताना हात नेमका तिच्याकडेच जातो. अंघोळ उभ्याने न करता प्लास्टिकच्या भक्कम खुर्चीवर किंवा रुंद स्टुलावर बसून करावी. दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला तेल लावून गुळगुळीत फरशीवर पाऊल टाकू नये. तेल लावायचेच असेल तर खुर्चीवर बसल्यावर लावावे.

न्हाणीघराची कडी आतून न लावणे उत्तम. एकट्या राहणाऱ्या बाईला तिची गरजही नसते. कडी हवीच असेल, तर बाहेरून नाण्याने उघडता येईल असे लॅच मिळते. दार आतल्या बाजूला उघडणारे असेल आणि पडलेल्या व्यक्तीचे शरीर त्याला टेकले, तर बाहेरच्याला ते ढकलता येत नाही. घरमालक तयार असल्यास दार बाहेर उघडेल असे करून घ्यावे. पाणी तापवण्याची बादलीतील रॉड वापरत असाल तर ती कायमची बंद करावी. गिझर असला तरी घराच्या विजेच्या पेटीत ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणारे यंत्र, आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून पाहून घ्यावे, कारण साधे एमसीबी (भार वाढल्यावर प्रवाह तोडणारे बटण) विजेच्या धक्क्यापासून माणसाला वाचवत नाही.

५. पडले आणि घरात कोणी नसेल तर काय करायचे?

घाईने उठू नये. मिनिटभर पडूनच राहावे आणि कोठे दुखते, हात-पाय हलतात का, हे पाहावे. मांडीच्या सांध्यात तीव्र कळ असेल, किंवा एक पाय आखूड वा बाहेर वळलेला वाटत असेल, तर उठण्याचा प्रयत्नच करू नये. ओढणी, चादर, पायपुसणे, जे मिळेल ते अंगावर आणि अंगाखाली घ्यावे आणि फोन करावा. तशी दुखापत नसल्यास आधी कुशीवर वळावे, मग हातांवर आणि गुडघ्यांवर येऊन जवळच्या खुर्चीपर्यंत सरकावे, खुर्चीच्या बैठकीवर दोन्ही हात टेकून बळकट पाय पुढे घ्यावा आणि हळूहळू बसते व्हावे. फोन टेबलावर असून उपयोग नाही, कारण जमिनीवरून तेथे हात पोहोचत नाही. तो गळ्यातील पिशवीत किंवा गाउनच्या खिशात असावा, न्हाणीघरात जातानाही. रुग्णवाहिकेसाठी १०८.

रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या चालू असतील आणि डोक्याला मार लागला असेल, तर काही होत नसले तरी त्याच दिवशी रुग्णालयात दाखवावे. आतील रक्तस्राव काही तासांनीही वाढू शकतो.

पुष्कळ भगिनी पडल्याचे मुलांना कळवत नाहीत, आपल्याला घर सोडावे लागेल या भीतीने. निदान डॉक्टरांना तरी सांगावे. उठताना रक्तदाब एकदम उतरणे, झोपेची किंवा रक्तदाबाची गोळी जास्त होणे, मोतीबिंदू, अशी कारणे त्यातून सापडतात आणि त्यांतील बरीचशी दूर करता येतात. पलंगावरून उठताना आधी काठावर मिनिट-दोन मिनिटे बसून मगच उभे राहण्याची सवय ठेवावी.

६. माझा फोन साधा, बटणांचा आहे. त्यावरून मदत मागता येते का?

येते. भारतात २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या मोबाइल संचांत आणीबाणीची सोय असणे सक्तीचे आहे, आणि साध्या फोनमध्ये ५ किंवा ९ हे बटण दाबून धरल्यावर ११२ या आणीबाणीच्या क्रमांकाला फोन लागणे अपेक्षित आहे. आपल्या संचात कोणते बटण आहे, हे दुकानदाराकडून समजून घ्यावे. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये पॉवरचे बटण सलग पाच वेळा दाबल्यावर हीच सोय सुरू होते, परंतु ती सेटिंगमध्ये आधी चालू करून ठेवावी लागते. चुकून फोन लागला तर तो तोडू नये. चुकून लागल्याचे सांगावे.

इतर क्रमांक जाड अक्षरांत कागदावर लिहून भिंतीवर लावावेत आणि तेही कमरेच्या उंचीवर: अग्निशमन १०१, गुजरातची ‘अभयम’ महिला हेल्पलाइन १८१, सायबर फसवणूक १९३०, सिलिंडरच्या गॅसची गळती १९०६, आणि ज्येष्ठांसाठी सल्ला व मार्गदर्शन देणारी एल्डरलाइन १४५६७, जी सकाळी ८ ते रात्री ८ चालू असते. आपला पूर्ण पत्ता जवळच्या ठळक खुणेसह त्याच कागदावर, मराठीत आणि गुजरातीत, लिहावा. प्रसंगी शेजारचा मुलगाही तो वाचून सांगू शकतो.

७. मुलगी रोज सकाळी व्हॉट्सॲपवर ‘सुप्रभात’ पाठवते. तेवढे पुरते का?

पुरत नाही, कारण उत्तर न आल्यास पुढे काय करायचे हे त्यात ठरलेले नसते. वेळ ठरवावी, समजा सकाळी साडेआठ. तोपर्यंत आपला निरोप गेला नाही, तर मुलीने फोन करावा. दोनदा न उचलल्यास किल्ली असलेल्या शेजाऱ्यांना फोन करावा. त्यांनी जाऊन पाहावे. हे तीन टप्पे संबंधित सर्वांना एकत्र बसवून सांगावेत. त्याच्या जोडीला सकाळची खूणही उपयोगी पडते: दाराच्या कडीला अडकवलेली दुधाची पिशवी नऊ वाजेपर्यंत आत गेली नाही, तर बेल वाजवायची, असे समोरच्या घराशी ठरवून ठेवता येते. याला खर्च शून्य आहे, आणि आमच्या पाहण्यात महागड्या उपकरणांपेक्षा हे जास्त टिकते.

८. मुलगा अमेरिकेत आहे आणि घरभर कॅमेरे लावायचे म्हणतो. मला नको वाटते.

आपल्याला नको वाटणे योग्यच आहे. दर्शनी दाराबाहेर आणि गच्चीच्या जिन्यावर कॅमेरा असण्यास हरकत नसावी. बैठकीच्या खोलीत तो लावायचा की नाही, हे आपण ठरवावे. शयनगृहात आणि न्हाणीघरात लावू नये. चित्रे कोण कोण पाहू शकते, हे मुलाकडून विचारून घ्यावे आणि कॅमेऱ्यासोबत आलेला मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा, अन्यथा घरावर लक्ष ठेवणारा भलताच कोणी असू शकतो. कॅमेरा पडलेल्या व्यक्तीला उचलत नाही; प्रश्न ३ आणि ७ मधील व्यवस्था त्याला लागतेच.

९. दारावर येणाऱ्या माणसांत खरा कोण आणि खोटा कोण, हे कसे ओळखायचे?

ओळखण्याची परीक्षा आपण देऊ नये; पडताळणीचे काम त्याच्यावर टाकावे. गॅसच्या पाइपची तपासणी, विजेचे मीटर, पाण्याची टाकी, कोणतेही कारण असो, माणसाला जाळीबाहेर थांबवून, त्याने दाखवलेल्या कार्डावरील नव्हे तर आपल्या बिलावर छापलेल्या क्रमांकावर फोन करून विचारावे. खरा कर्मचारी थांबतो किंवा नंतर येतो. एकटे असताना ‘शेजारच्या काकूंना बोलावते’ असे मोठ्याने म्हणणे, त्या घरी नसल्या तरी, उपयोगी पडते.

दोन प्रकार विशेष जपून राहण्यासारखे आहेत. दागिने किंवा पितळेची भांडी उजळून देतो म्हणून येणारे पावडर किंवा द्रावण वापरून सोन्याचा काही भाग काढून घेतात, किंवा डबा बदलतात. दुसरा प्रकार देवळाच्या वाटेवर किंवा सकाळी फिरताना घडतो: साध्या वेषातील दोघेतिघे आपण पोलीस असल्याचे सांगतात, पुढे लूट झाली आहे म्हणून पाटल्या आणि मंगळसूत्र काढून रुमालात बांधायला लावतात, आणि घरी येऊन रुमाल उघडल्यावर आत खडे निघतात. कोणताही पोलीस रस्त्यात दागिने काढायला सांगत नाही. अशा वेळी जवळच्या दुकानात शिरावे.

१०. कामवाली बाई आणि भाडेकरू यांची पोलिसांकडे नोंद करावीच लागते का?

भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला देणे बडोदे शहर पोलीस आयुक्तांच्या जाहीरनाम्यांनुसार बंधनकारक असते आणि न दिल्यास घरमालकिणीवर गुन्हा दाखल होऊ शकतो. वरच्या मजल्यावर एखादा विद्यार्थी ठेवला असला तरी हे लागू आहे; तो ओळखीच्यांचा भाचा आहे, एवढ्याने सूट मिळत नाही. गुजरात पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर भाडेकरू, घरगुती कामगार आणि एकटे राहणारे ज्येष्ठ नागरिक या सर्वांच्या नोंदणीची सोय आहे. ती जमत नसेल, तर ठाण्यात कागद देऊन पोच घ्यावी. स्वतःची ज्येष्ठ नागरिक म्हणून नोंद करताना ठाण्यातील ‘शी टीम’विषयी, म्हणजे महिला पोलिसांच्या पथकाविषयी, जरूर विचारावे.

वर्षानुवर्षे घरातली होऊन राहिलेल्या बाईची नोंद करणे म्हणजे तिच्यावर संशय घेणे, असे अनेकांना वाटते. तिला विश्वासात घेऊन, तिच्यासमोरच अर्ज भरल्यास वाईट वाटण्याचे कारण उरत नाही. खरी काळजी तिच्याइतकीच तिच्याऐवजी आठ दिवसांसाठी येणाऱ्या बदलीच्या बाईची घ्यावी. कपाटाच्या किल्ल्या, पेन्शनचा दिवस आणि आपण गावाला जाण्याची तारीख यांची चर्चा मात्र कोणाहीसमोर करू नये.

११. व्हिडिओ कॉलवर गणवेशातील माणूस दिसला आणि म्हणाला, ‘तुम्हाला डिजिटल अरेस्ट केले आहे.’ असे खरेच असते का?

नसते. भारताच्या कोणत्याही कायद्यात ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची गोष्ट नाही. या फसवणुकीची रीत ठरलेली आहे: आपल्या आधार क्रमांकावरून पाठवलेल्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले किंवा आपल्या खात्यातून काळा पैसा फिरला असे सांगायचे, कॅमेऱ्यासमोरून उठू द्यायचे नाही, कोणालाही सांगायला मनाई करायची आणि शेवटी ‘तपासणीसाठी’ मुदतठेवी मोडून पैसे एखाद्या खात्यात भरायला लावायचे. एकटी बाई त्यांना सोयीची वाटते, कारण मधेच खोलीत येऊन ‘कोणाशी बोलतेस?’ असे विचारणारे कोणी नसते.

कायदा काय म्हणतो, हे लक्षात ठेवावे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ नुसार, साक्षीसाठी पोलीस स्त्रीला तिच्या राहत्या घराखेरीज अन्यत्र हजर राहण्याची सक्ती करू शकत नाहीत. कलम ४३ नुसार सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत दंडाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीने महिला पोलीस अधिकारीच ती करू शकते. आणि कोणतीही तपास यंत्रणा पैसे स्वतःकडे मागवून ‘पडताळणी’ करत नाही. म्हणून फोन बंद करावा. उत्तर देत बसू नये, त्यांच्याशी वाद घालू नये. ठरावीक रकमेपेक्षा मोठा कोणताही व्यवहार करण्यापूर्वी मुलीला किंवा भावाला फोन करायचाच, असा घरचा नियम आधी केलेला असावा. आणि बँकेतील कर्मचाऱ्याने मुदतठेव का मोडता असे विचारल्यास शिकवलेले उत्तर न देता खरे सांगावे. अनेकींचे पैसे त्या एका प्रश्नाने वाचले आहेत.

नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याच्या नावाखाली असेच फोन येतात. कोषागार किंवा बँक फोनवर ओटीपी मागत नाही. दाखला घरबसल्या हवा असेल तर पोस्टमन घरी येऊन डिजिटल पद्धतीने करून देतो. त्यासाठी जवळच्या टपाल कार्यालयात सांगावे.

१२. पैसे गेलेच, तर पहिले काय करायचे?

१९३० वर फोन, लगेच, लाज बाजूला ठेवून. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फिरत जातात आणि पहिल्या काही तासांत तक्रार झाल्यास वाटेत गोठवता येण्याची शक्यता असते. त्यानंतर बँकेला कळवून तक्रारीचा क्रमांक घ्यावा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेची किंवा ग्राहकाची नसून तिसऱ्याच ठिकाणची असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर त्याच्यावर भार येत नाही. स्वतः ओटीपी दिला असल्यास कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे, नंतरचे बँकेचे. म्हणजे घाई दोन्ही प्रकारांत करावीच लागते.

१३. आमच्याकडे पाइपचा गॅस आहे, बहिणीकडे सिलिंडर. वास आल्यास दोघींनी एकच करायचे का?

बहुतांश एकच: बटणे चालूही करू नयेत आणि बंदही करू नयेत, देवघरातील निरांजन विझवावे, गॅस बंद करावा, दारे-खिडक्या उघडून बाहेर पडावे आणि फोन बाहेर जाऊन करावा. फरक एवढाच की पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका असल्याने वर, छताकडे साठतो, तर सिलिंडरचा गॅस जड असल्याने जमिनीलगत पसरतो. पहिल्यात वरचे झरोके उघडणे आणि दुसऱ्यात दार उघडे टाकणे अधिक महत्त्वाचे. पाइपच्या गॅसची मुख्य चावी कोठे आहे, आणि ती आपल्या हाताच्या ताकदीने फिरते का, हे आजच पाहावे. पुष्कळ घरांत ती डब्यांच्या मागे दडलेली असते. रबरी नळी पाच वर्षांनी बदलावी. वयानुसार वास कमी येऊ लागतो, म्हणून गॅसगळतीची सूचना देणारे छोटे यंत्र बसवणे सत्तरीनंतर हौस मानू नये.

१४. झोपाळा काढून टाकावा का?

बडोद्याच्या घरातून झोपाळा काढा असे सांगणे आमच्याने होणार नाही. परंतु छतातील कड्या आणि साखळ्यांचे दुवे वर्षातून एकदा मिस्त्रीकडून तपासून घ्यावेत, पाट जमिनीवर पाय पूर्ण टेकतील एवढ्याच उंचीवर ठेवावा, आणि उठताना झोपाळा पूर्ण थांबल्याशिवाय उठू नये. चक्कर येण्याचा त्रास असल्यास बसायला खुर्चीच बरी.

१५. विश्वामित्रीला पूर आला तर? मी तळमजल्यावर राहते.

३१ जुलै २०१९ रोजी एकाच दिवसात सुमारे २० इंच पाऊस झाला होता, आणि ऑगस्ट २०२४ च्या अखेरच्या आठवड्यात काळा घोडा पुलापाशी, जेथे धोक्याची पातळी २६ फूट मानली जाते, पाणी ३५ फुटांच्या वर गेले होते. दोन्ही वेळा जुना अनुभव दिसला: वरच्या भागातून आणि आजवा तलावाकडून येणारे पाणी शहरातला पाऊस थांबल्यानंतरही चढत राहते. पाऊस उघडला म्हणून थांबून राहू नये. सयाजीगंज, समा, अकोटा, मुजमहुडा, वडसर अशा भागांत तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या बाईने पातळी धोक्याच्या खुणेजवळ येत असतानाच, दिवसाउजेडी, वरच्या मजल्यावर किंवा दुसऱ्या भागातील नातेवाईकांकडे जावे. रात्री गुडघाभर पाण्यातून निघणे सर्वांत वाईट.

जूनमध्येच एक पिशवी भरून ठेवावी: पंधरा दिवसांची औषधे व त्यांची चिठ्ठी, चष्मा, श्रवणयंत्राचे सेल, फोनची पॉवर बँक, कागदपत्रांच्या प्रती प्लास्टिकमध्ये. इन्सुलिन असेल तर थंड ठेवण्याची सोय. निघताना मुख्य स्विच बंद करावा. मात्र पेटीपाशी पाणी साचलेले असेल तर तिला हात लावू नये. पाणी ओसरल्यावर घरात पहिले पाऊल एकटीने टाकू नये. साप आणि क्वचित मगरीचे पिल्लूही अंगणात किंवा जिन्याखाली सापडते; वन विभागाला कळवावे आणि काठी घेऊन स्वतः शोधत बसू नये. वीज पुन्हा सुरू करण्यापूर्वी इलेक्ट्रिशियनकडून तपासणी आवश्यक आहे.

१६. सणासुदीला वेगळी काळजी घ्यावी लागते का?

दोन सणांना. नवरात्रात अख्खी सोसायटी गरब्याला गेलेली असते आणि ध्वनिवर्धकांच्या आवाजात घरातून मारलेली हाक कोणालाही ऐकू जात नाही. त्या रात्रींपुरती प्रश्न ७ मधील खबर झोपण्यापूर्वीही द्यावी. उत्तरायणाला पतंगासाठी गच्च्या सर्वांना मोकळ्या होतात, आणि संध्याकाळी गच्चीचे दार लावायचे राहून जाते. ते स्वतः वर जाऊन पाहण्याऐवजी शेजारच्या मुलाकडून लावून घ्यावे.

१७. मुलगा म्हणतो, घर माझ्या नावावर कर, मी तुला सांभाळतो. त्यानंतर त्याने घराबाहेर काढले तर?

आमचा सल्ला असा आहे की हयातीत राहते घर बक्षीसपत्राने देऊ नये, मृत्युपत्र करावे. नोंदणीकृत बक्षीसपत्र तत्काळ लागू होते, तर मृत्युपत्र जिवंत असेपर्यंत कितीही वेळा बदलता येते. बक्षीसपत्र करायचेच असेल, तर मुलाने आपला सांभाळ करावा आणि आपल्याला त्याच घरात तहहयात राहू द्यावे ही अट दस्तातच शब्दांत लिहिलेली असावी. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाच्या २००७ च्या कायद्याचे कलम २३ अशा अटीवरच उभे आहे: अट मोडल्यास न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्दबातल ठरवू शकते. जानेवारी २०२५ मधील एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावावा आणि न्यायाधिकरण ताबा परत देण्याचा आदेशही देऊ शकते, असे म्हटले आहे. तरीही तोंडी वचनावर विसंबलेल्या दस्ताचे भवितव्य अनिश्चित राहते.

निर्वाहासाठीचा अर्ज प्रांत अधिकाऱ्यांच्या पातळीवरील न्यायाधिकरणाकडे, वकिलाशिवायही, करता येतो. मारहाण किंवा घरातून काढण्याची धमकी असल्यास कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा आईलाही मुलाविरुद्ध दाद मागू देतो. तो फक्त सुनेसाठी आहे, हा समज चुकीचा आहे. तातडीच्या वेळी १८१ किंवा ११२.

१८. मुलगा गेला, सून घरात आहे आणि त्रास देते. ज्येष्ठांच्या कायद्याने तिला बाहेर काढता येईल का?

आपोआप नाही. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की सुनेचा सामायिक घरात राहण्याचा हक्क केवळ ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या संक्षिप्त कार्यवाहीने डावलता येत नाही. दोन्ही कायदे एकत्र वाचावे लागतात. प्रत्येक प्रकरणातील तथ्ये वेगळी असल्याने येथे वकिलाचा सल्ला टाळू नये. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना तो विनामूल्य मिळतो.

१९. मला मूलबाळ नाही. हे कायदे माझ्या कामाचे आहेत का?

आहेत. २००७ च्या कायद्यानुसार निःसंतान ज्येष्ठ व्यक्तीची मालमत्ता ज्याच्या ताब्यात आहे किंवा वारशाने ज्याच्याकडे जाणार आहे, अशा सज्ञान आणि ऐपतदार नातेवाईकाकडे निर्वाह मागता येतो. किल्ली आणि रोजची खबर यांसाठी मात्र पुतण्यापेक्षा समोरची शेजारीण जवळची ठरते, हे ओळखून व्यवस्था करावी.

२०. आई अलीकडे गॅस चालू ठेवून विसरते, पण घर सोडायला तयार नाही. एकटी ठेवावी का?

नावे विसरणे आणि दूध उतू जाणे वेगळे; रिकामे भांडे वारंवार जळणे, ओळखीच्या पोळीत वाट चुकणे, औषधे दोनदा घेणे आणि अनोळखी माणसाला आत बसवून चहा देणे वेगळे. दुसऱ्या प्रकारातील गोष्टी घडू लागल्यास आधी डॉक्टरांकडून तपासणी करावी, कारण थायरॉइड, बी-१२ ची कमतरता किंवा एखादे औषध यांमुळेही असे होऊ शकते. मधल्या काळात आपोआप बंद होणारी इंडक्शन शेगडी, गॅसची मुख्य चावी बंद आणि आठवड्याच्या औषधांचा कप्प्यांचा डबा, एवढे करता येते. स्मृतिभ्रंशाचे निदान निश्चित झाले असेल, तर उपकरणांच्या भरवशावर एकटीला ठेवू नये. निदान रात्रीची सोबत हवीच. मूल दूर असल्याने हा निर्णय पुढे ढकलला जातो, आणि नेमका तेव्हाच अपघात होतो, असे पत्रांवरून दिसते.

२१. शेजारच्या आजी दार उघडत नाहीत, फोन घेत नाहीत. आम्ही दार तोडले तर आमच्यावरच गुन्हा होईल का?

प्रामाणिक हेतूने, मोठी हानी टाळण्यासाठी केलेल्या अशा कृतीला भारतीय न्याय संहितेच्या कलम १९ चे संरक्षण आहे. तरीही क्रम पाळावा. आधी किल्ली कोणाकडे आहे ते पाहावे आणि नातेवाईकांना फोन करावा. गॅसचा वास येत असेल तर बेल वाजवू नये, दारावर थाप मारावी. खिडकीतून किंवा समोरच्या गच्चीतून दिसते का ते पाहावे. त्याच वेळी दुसऱ्या कोणी ११२ आणि १०१ ला फोन करावा. अग्निशमन दलाकडे दार कमी मोडतोडीत उघडण्याची साधने असतात. आतून कण्हण्याचा आवाज येत असेल किंवा धूर दिसत असेल, तर थांबू नये. दार उघडताना सोसायटीतील दोन जबाबदार माणसे, त्यांत एक स्त्री, हजर असावीत आणि कोणीतरी चित्रण करावे. आजींना रुग्णालयात नेल्यावर पोलिसांसमोर घराला नवे कुलूप लावून त्याची किल्ली नातेवाईक येईपर्यंत पोलिसांकडे ठेवावी आणि तशी नोंद करून घ्यावी.